निकाल कुणाच्या बाजूने लागला?

माझं लग्न १९९३ सालचं. एरवी ही गोष्ट कुणाला सांगायचं कारण नाही, पण हिंदू वारसा कायद्याच्या लेखी माझी सगळ्यात महत्त्वाची ओळख तीच आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी अकरा वर्षं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. तो लागू झाला २२ जून १९९४ पासून, आणि त्यात एक मेख होती. त्या तारखेच्या आधी जिचं लग्न झालं, तिला हा हक्क नाही. म्हणजे मी वर्षभराने हुकले.

पुढे २००५ मध्ये संसदेने कायदाच बदलला. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलासारखीच जन्मतः सहहिस्सेदार ठरली, आणि लग्न कधी झालं याचा प्रश्न उरला नाही. पण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, २००१ मध्येच गेले होते. ते हयात नसताना हा हक्क मला लागू होतो का? ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रकाश विरुद्ध फुलावती’ खटल्यात सांगितलं की त्या तारखेला बाप आणि लेक दोघंही जिवंत हवेत. मी बाहेर. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘दानम्मा’ खटल्याचा निकाल आला. त्यातले वडीलही २००१ मध्येच वारले होते, आणि तरी न्यायालयाने मुलींना वाटा दिला. मी पुन्हा आत. दोन्ही निकाल दोन-दोन न्यायमूर्तींचे, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, आणि एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला.

मी वकील नाही. मस्कतमध्ये घला भागात एका कंत्राटदार कंपनीत पगारपत्रकं करते. गाव सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात. कोर्टाच्या बातम्यांचा नाद मला लागला तो या आत-बाहेरच्या खेळामुळे. ज्याचं नाव सातबाऱ्यावर येतं-जातं, तो माणूस बातमी वरवर वाचत नाही.

हा गुंता सुटला ११ ऑगस्ट २०२० रोजी. ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या खटल्यात न्या. अरुण मिश्रा, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, बाप २००५ मध्ये जिवंत असो वा नसो. कोविडमुळे मस्कतहून नेहमीची विमानं तेव्हा बंद होती, सगळे घरात. आमच्या इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एका तासात तोच निरोप सात ठिकाणांहून येऊन पडला: ‘आता प्रत्येक मुलीला बापाच्या मिळकतीत अर्धा वाटा.’ खाली फुलांचे गुच्छ.

त्यातला ‘प्रत्येक’ चुकीचा, ‘बापाच्या मिळकतीत’ चुकीचं, आणि ‘अर्धा’ तर कुठूनच आलेला नाही. हा निकाल एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीचा आहे. बापाने स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट तो मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो, तसा आधीही देऊ शकत होता. शिवाय २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल, तर ती उकरून काढता येत नाही. ही तारीख निरोपात कुठेच नव्हती. निकाल उघडून पाहिला की ती जागोजाग भेटते, कारण सगळं भांडण तिच्या आगेमागेच चाललेलं आहे. ‘आमची तोंडी वाटणी झाली होती’ असं भावांनी म्हणायचं आणि कोर्टाने मान हलवायची, हेही न्यायालयाने बंद केलं. तोंडी वाटणी मानायची तर तिला सरकारी कागदांचा भक्कम आधार हवा, तोही अपवाद म्हणून.

मला स्वतःला नेमकं काय मिळालं, ते आकड्यात सांगते, कारण माझा धंदाच आकड्यांचा. समजा वडिलोपार्जित जमीन नऊ एकर. वडील, आई, एक भाऊ, एक बहीण. जुन्या पद्धतीत वडील वारले त्या क्षणी कागदावर वाटणी झाली असं धरायचं. वडील, आई आणि भाऊ यांना प्रत्येकी एक तृतीयांश. मग वडिलांच्या तृतीयांशाचे आई, भाऊ आणि बहीण असे तीन भाग. बहिणीला आला नववा हिस्सा, म्हणजे एक एकर. नव्या पद्धतीत पहिल्या वाटणीतच बहीण बसते. चौघांना पाव-पाव, आणि वडिलांच्या पावातला पुन्हा तिसरा भाग. पाव अधिक बारावा, म्हणजे एक तृतीयांश. तीन एकर. ‘अर्धा’ नाही, पण एकाचे तीन झाले.

ही ‘कागदावरची वाटणी’ कशी मोजायची, याचा पायाभूत निकाल आमच्या सांगलीचाच आहे, हे मला फार उशिरा कळलं आणि फार आवडलं. खंडाप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी १९६२ मध्ये सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला. त्यांचा हिस्सा चोविसावा, असं समोरच्यांचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला: आधी नवऱ्याबरोबरच्या वाटणीतला पाव, आणि त्यावर नवऱ्याच्या पावातला सहावा, म्हणजे एकूण मिळकतीचा चोविसावा. एकूण चोविसातले सात. एक चोविसांश कुठे आणि सात कुठे! १९६२ ते १९७८ एवढी वर्षं एक विधवा बाई त्या सहा चोविसांशांसाठी थांबली. वारसा हक्काचं कुठलंही पुस्तक उघडा, हिराबाई त्यात आहेत.

आमच्यात दावा लावायची वेळ आली नाही. आई हयात होती, तिने भावाला बसवून सांगितलं, आणि वाटणीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवून झाला. पण ग्रुपवरच्या एका मैत्रिणीने २०१० मध्ये मे महिन्याच्या सुट्टीत भावाच्या आग्रहाने हक्कसोडपत्रावर सही केलेली होती. तिला वाटलं, निकालाने ते आपोआप रद्द झालं. तसं होत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र उभंच राहतं. फसवून सही घेतली असेल तर ते सिद्ध करावं लागतं, आणि त्यालाही मुदत असते. तिला हे सांगणं मला जड गेलं. फुलांचे गुच्छ पाठवणारं कुणी ते सांगायला गेलं नव्हतं.

तेव्हापासून मंडळी मला विचारतात, ‘तू कोर्टाच्या बातम्या कशा वाचतेस?’ वाचायची खुबी फार मोठी नाही. मराठी वर्तमानपत्रांनी कोर्टाची भाषा चांगली घडवलेली आहे, फक्त प्रत्येक क्रियापदाचं वजन वेगळं आहे, ते ओळखता यायला हवं. याचिका ‘दाखल करून घेतली’ म्हणजे ऐकायचं ठरलं, पटलं असं नाही. ‘नोटीस काढली’ म्हणजे समोरच्याला बोलावलं. ‘स्थगिती दिली’ म्हणजे तूर्त थांबवलं. ‘निकाल राखून ठेवला’ म्हणजे ऐकून झालं, आता लिहायचं आहे. ‘निकाली काढली’ यात तर जिंकणं-हरणं काहीच कळत नाही. आणि सगळ्यात फसवं म्हणजे ‘ताशेरे ओढले’. सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती वकिलाला तिरका प्रश्न विचारतात, दुसऱ्या दिवशी तो ठळक अक्षरात पहिल्या पानावर येतो, आणि अंतिम आदेशात त्याचा मागमूस नसतो. मी ताशेऱ्यांची बातमी वाचते, नाही असं नाही. करमणूक म्हणून वाचते.

२७ सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांची सुनावणी थेट दिसायला लागली आणि आम्हा परदेशस्थांची चंगळ झाली. पहिल्याच दिवशी दाखवलेल्या प्रकरणांत एक शिवसेनेतल्या फुटीचं होतं. दिल्लीचे साडेदहा म्हणजे मस्कतचे नऊ. एका कानात इअरफोन घालून, समोर ओव्हरटाइमचे तक्ते ठेवून मी ती सुनावणी ऐकली आहे. घटनापीठावर धनंजय चंद्रचूड, म्हणजे हिराबाईंना न्याय देणाऱ्या यशवंतरावांचे चिरंजीव. निकाल लागला ११ मे २०२३ रोजी. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते समर्थनीय नव्हतं, असं न्यायालय म्हणालं. पण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाले, त्यामुळे त्यांना पुन्हा बसवता येणार नाही, असंही म्हणालं. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे, आणि अध्यक्षांच्या अधिकाराचा एक प्रश्न सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे. दुपारपर्यंत दोन्ही गटांनी पेढे वाटले. माझ्या भावाचा फोन आला, ‘निकाल कुणाच्या बाजूने लागला?’ मी म्हटलं, कुठल्या प्रश्नाचा?

हा त्याचा प्रश्नच सगळा घोटाळा करतो. कोर्टापुढे एक भांडण असतं, पण प्रश्न पाच-सहा असतात, आणि उत्तरं एकाच बाजूला पडतील असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या निकालाच्या शेवटी बहुधा निष्कर्ष क्रमाने मांडलेले असतात. मी तिथून सुरुवात करते, मग मागे जाते. २०२३ च्या जानेवारीपासून न्यायालयाने आपले अधिकृत अहवाल सर्वांना फुकट वाचायला खुले केले. त्याच महिन्यात प्रादेशिक भाषांतले अनुवादही आले. मराठीच्या वाट्याला पहिल्या खेपेला चौदा निकाल होते, हिंदीच्या वाट्याला हजारावर. अनुवादाची मराठी फार सरकारी आहे, पण आई स्वतः वाचू शकली, हे काही थोडं नाही.

आता मस्कतकडे येते, कारण मी राहते इथे, माझा व्हिसा इथला, आणि ज्या कायद्याखाली माझ्या तक्त्यातल्या माणसांना पगार मिळतो तो इथला. भारतातून आलेला माणूस सुरुवातीला इथेही खटलेच शोधायला लागतो. अमुक कंपनीविरुद्ध तमुक कामगार, काय झालं? ते तसं सापडत नाही. ओमानची न्यायव्यवस्था प्राथमिक न्यायालय, अपील न्यायालय आणि मस्कतचं सर्वोच्च न्यायालय अशी तीन पायऱ्यांची. कामकाज अरबीत. वर्तमानपत्रात निकालाची बातमी आली तरी पक्षकारांची नावं सहसा नसतात: एका दुकानदाराला दंड, एका परदेशी नागरिकाला शिक्षा. ग्राहक संरक्षण प्राधिकरण जे निकाल जाहीर करतं, त्यातही बहुतेकदा ‘एक गॅरेज’, ‘एक विक्रेता’. भारतात राकेश शर्मांच्या बहिणीने त्यांच्यावर दावा लावला हे देशभरच्या वकिलांना तोंडपाठ आहे. इथे ते भाऊ-बहीण निनावीच राहिले असते. चारचौघांत अब्रू जाऊ नये याची काळजी या समाजाला फार, आणि खरं सांगायचं तर मला ते नेहमीच वाईट वाटत नाही.

दुसरा फरक त्याहून खोल. भारतात आपण इंग्रजांची पद्धत घेतली. वरच्या कोर्टाने एका खटल्यात सांगितलेलं खालच्या कोर्टांना बांधतं, म्हणून विनीता शर्मांचा निकाल माझा होतो. ओमानची घडण फ्रान्स-इजिप्तच्या वाटेने आलेली, लिखित कायद्याची. वरच्या न्यायालयाच्या तत्त्वांना मान आहे, त्यांचे अरबीत संग्रहही निघतात. पण रोजच्या माणसाला काय लागू आहे, हे ठरतं सुलतानांच्या फर्मानाने. प्रत्येक फर्मानाला क्रमांक आणि साल. ते राजपत्रात छापून येतं, आणि शेवटच्या कलमांत ते कधीपासून लागू हे लिहिलेलं असतं. म्हणून तासगावच्या बातमीसाठी मी खटला वाचते आणि घलाच्या बातमीसाठी फर्मान. दोन देशांत राहणाऱ्या माणसाला दोन्ही वाचायची सवय हवी, आणि दोन्ही ठिकाणी मी पहिल्यांदा पाहते ते तारीख आणि ‘हे कुणाला लागू’.

नमुना म्हणून फर्मान ५३/२०२३ घ्या. जुलै २०२३ च्या शेवटी आलेला हा नवा कामगार कायदा. आधीचा होता ३५/२००३. नवा आला त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात चहा पिण्यापेक्षा माझ्या टेबलाशी उभं राहण्यातच लोकांचा जास्त वेळ गेला. आठवड्याचे कामाचे तास पंचेचाळीसवरून चाळीस. आजारपणाची रजा सत्तर दिवसांवरून एकशे ब्याऐंशी दिवसांपर्यंत, पुढे-पुढे पगार कमी होत जाणारी. बाळंतपणाची रजा पन्नास दिवसांची अठ्ठ्याण्णव दिवस झाली, बापालाही सात दिवस मिळाले. पण लोक विचारत होते ते ग्रॅच्युइटीचं, नोकरी सुटताना हातात पडणाऱ्या रकमेचं. गावचं घर त्यावर पुरं व्हायचं असतं.

जुन्या कायद्यात पहिल्या तीन वर्षांना दरवर्षी पंधरा दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या दरवर्षाला एक महिन्याचा. नव्यात पहिल्या वर्षापासूनच किमान एक महिन्याचा. मूळ पगार २०० रियाल आणि सहा वर्षं नोकरी धरा. जुन्या दराने तीनदा शंभर आणि तीनदा दोनशे, म्हणजे ९०० रियाल. नव्या दराने १,२००. फरक तीनशे रियालचा. इथे ‘मूळ’ या शब्दावर बोट ठेवते. पगार ३२० रियाल सांगितला तरी करारात मूळ दोनशे आणि बाकी घरभाडं-वाहतूक भत्ता असेल, तर हिशोब दोनशेवरच होतो. नोकरी धरताना सगळे एकूण आकडा विचारतात. करारातला मूळ पगाराचा रकाना वाचायला मी नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगते. आमच्या साहेबांना ते फारसं रुचत नाही, पण करार शेवटी त्यांनीच लिहिलेला असतो.

‘कुणाला लागू’ हेही तितकंच. घरकाम करणाऱ्या बायका, घरचे ड्रायव्हर, स्वयंपाकी यांना हा कायदा लागू नाही. त्यांचे नियम मंत्रालयाच्या निराळ्या आदेशात. समाजमाध्यमांवर मात्र ‘ओमानमध्ये सर्वांना चाळीस तासांचा आठवडा’ असं फिरलं. रुवीच्या बाजारात भेटलेल्या एका बाईने, घरकामाला आहे ती, मला हर्षाने ते वाचून दाखवलं. चाळीस तासांच्या त्या बातमीत ती नव्हतीच.

कंपनीशी वाद झालाच तर एकदम कोर्टात जायचं नसतं. आधी कामगार मंत्रालयाकडे तक्रार, तिथे समेटाचा प्रयत्न, नाही जमलं तर ते प्रकरण न्यायालयाकडे पाठवतात. कामगाराला कोर्टाची फी पडत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण फीच्या भीतीने कित्येक जण विमानात बसून निघून जातात. आणि अजून एक बदल, ज्याची किंमत नव्या पोरांना कळणार नाही: १ जानेवारी २०२१ पूर्वी जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र नसेल तर दुसऱ्या मालकाकडे जाता येत नव्हतं. करार संपला तरी देश सोडायचा आणि दोन वर्षं परत यायचं नाही, अशी रीत २०१४ पासून होती. त्या एका पत्रापायी माणसं मालकांच्या दारात किती उभी राहिली, ते पगारपत्रक करणाऱ्याला विचारा. ते पत्र गेलं तेव्हा कोणत्याही खटल्याचा निकाल लागला नव्हता. नियम बदलला, बस.

तरी ओमानचा एक खटला आहे जो जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना नावानिशी माहीत आहे. ‘मस्कत डाऊज’, म्हणजे मस्कतची गलबतं. मस्कतहून समुद्राच्या कडेने आग्नेयेला दोनेकशे किलोमीटरवर सूर हे गलबतं बांधणाऱ्यांचं गाव. तिथे १९५१ मध्ये बांधलेलं ‘फतह अल खैर’ हे गलबत आता किनाऱ्यावर बघायला ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकात सूरच्या गलबतवाल्यांनी एक युक्ती काढली: फ्रेंचांकडून कागद आणि झेंडा घ्यायचा. ब्रिटिश आरमार गुलामांच्या व्यापाराच्या संशयावरून गलबतं तपासायचं, पण फ्रेंच झेंडा दिसला की हात आवरायचं. काही गलबतांत गुलाम होते, काहींना नुसता जाच नको होता. सुलतान फैसल बिन तुर्की यांची तक्रार वेगळी. माझी रयत फ्रेंच झेंड्याखाली गेली तर माझं कोण ऐकणार? इंग्लंड आणि फ्रान्स दोघांनी १८६२ मध्ये मस्कतच्या स्वातंत्र्याचा मान राखायचं लिहून दिलेलं होतं. भांडण चिघळलं, आणि ऑक्टोबर १९०४ मध्ये दोघांनी ते हेगच्या लवादाकडे सोपवलं. ब्रिटनने नेमले अमेरिकेचे सरन्यायाधीश मेल्व्हिल फुलर, फ्रान्सने हॉलंडचे सावोर्निन लोमन. सरपंच म्हणून इटलीच्या राजाने ऑस्ट्रियाचे लामाश निवडले.

८ ऑगस्ट १९०५ चा तो निवाडा वाचला की ११ मेचा शिवसेनेचा निकाल आठवतो. गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा ब्रुसेल्स करार फ्रान्सला बंधनकारक झाला तो २ जानेवारी १८९२ रोजी. त्याआधी झेंडा द्यायचा फ्रान्सला अधिकार होता, असं लवाद म्हणाला. त्यानंतर नव्याने कुणाला नाही. अपवाद फक्त १८६३ पूर्वीच फ्रान्सच्या आश्रयाला असल्याचं सिद्ध करणाऱ्यांचा. ज्यांच्याकडे १८९२ पूर्वीचा परवाना आहे त्यांचा तो राहील, दुसऱ्याला देता येणार नाही. झेंड्याच्या गलबताला मस्कतच्या पाण्यात हात लावता येणार नाही, पण गलबतावरचा माणूस आणि त्याची बायकामुलं जमिनीवर उतरली की सुलतानाच्याच कायद्याखाली. फ्रान्स जिंकला? ब्रिटन जिंकलं? तारखेच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरा. सुलतान तर पक्षकारही नव्हते, आणि व्यवहारात सगळ्यात जास्त मिळालं ते त्यांना. शेजारी राहणाऱ्या सूरच्या एका शिक्षकाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘आमच्याकडे म्हणतात, झेंडे आजोबांचे होते, नातवांना नुसते डांब मिळाले.’

दोन्ही देशांत पाय असलेल्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. गावच्या कोर्टात तुमचा दावा चालू असेल तर वकिलाकडून त्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक घ्या. पुणे जिल्ह्यातला असेल तर तो ‘एमएचपीयू’ने सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि झालेले आदेश मस्कतमध्ये बसून दिसतात. ‘साहेब रजेवर होते म्हणून तारीख पडली’ हे खरं की खोटं, तेही बरेचदा कळतं. दुसरं मुखत्यारपत्राचं. भावाला किंवा वकिलाला अधिकार द्यायचा तर इथल्या भारतीय दूतावासात सही साक्षांकित करून घेतात आणि कागद कुरियरने गावी जातो. तो महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कपाटात वर्षभर पडलेलं मुखत्यारपत्र नेमकं सुनावणीच्या दिवशी अडतं. आणि दुबईच्या नातलगांचे सल्ले जरा जपून घ्या. संयुक्त अरब अमिरातीतल्या न्यायालयांचे दिवाणी हुकूम भारतात थेट बजावता येतील अशी अधिसूचना केंद्राने जानेवारी २०२० मध्ये काढली. ती अमिरातीपुरती आहे.

आणखी एक गडबड कराची. २०२० च्या फेब्रुवारीत भारताच्या अर्थसंकल्पात एक कलम आलं, आणि ‘आखातात कमावलेल्या पगारावर भारतात कर’ म्हणून हाहाकार उडाला. दुसऱ्याच दिवशी अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की प्रामाणिकपणे तिथे काम करणाऱ्यांना तो लागू करायचा नाही. जून २०२५ मध्ये उलट्या दिशेने वारं सुटलं. ओमानने फर्मान ५६/२०२५ काढून व्यक्तिगत आयकर आणला, आखाती देशांत पहिल्यांदाच. निरोप आला: ‘ओमानमध्ये पगारावर ५ टक्के कर, बॅगा भरा.’

आमच्या गाडीवर खेड तालुक्यातला एक कोकणी मुसलमान गडी आहे, वीस वर्षांचा जुना माणूस. दुपारी माझ्या टेबलाशी आला. चेहरा उतरलेला.

‘ताई, कर सुरू व्हायच्या आधी गावी निघू का?’

मी फर्मानाचा सारांश समोर ठेवला. लागू १ जानेवारी २०२८ पासून. दर ५ टक्के, पण वर्षाला ४२,००० रियालच्या वर जेवढं उत्पन्न असेल तेवढ्यावरच. ४२,००० भागिले बारा, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार रियाल. देशातल्या शंभरातल्या एखाद्यालाच तो लागेल, असा अधिकाऱ्यांचा अंदाज. मग त्याच्या पगाराच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. एकशे साठ रियाल.

तो त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला आणि हसायला लागला. ‘साडेतीन हजार मला द्यायची पाळी आली ना ताई, तर कराच्या आधी शेठच गावी जाईल.’